जिंकल्यावर समोर कोणी बसेना

परतूरला शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शाळेजवळच्या वाचनालयात एक कॅरम होता. तिथला नियम साधा: हरणाऱ्यानं उठायचं, जिंकणाऱ्यानं बसून राहायचं, मग रांगेतला पुढचा समोर येणार. वर्गणी मीही भरत होते, पण बायकांनी पुस्तक बदलून मुकाट्यानं घरी जायचं अशी रीत होती. एका संध्याकाळी मी नंबर लावला.

समोर एक कारकून हसत हसत बसला. तीन भावांशी भांडून भांडून मी खेळ शिकलेली. राणी कव्हर करून डाव संपवला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"बाईंना सोडलं मी," म्हणत तो उठला.

मग कोणी बसेचना. सात-आठ पुरुष भिंतीला टेकून उभे आणि मी सोंगट्या लावून एकटी. बोर्ड उचलून आपटावा असा संताप आला होता. तासाभरानं ग्रंथपाल जवळ आले.

"बाई, उठा आता. पोरं किती येळची थांबून राह्यली."

"मंग बसा म्हणा की समोर. मी हरले न्हाई, कशाला उठू?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तोवर शाळेत कुजबुज पोचली होती. मुख्याध्यापकांनी बोलावून, 'बाईमाणसानं जरा जपून राहावं,' असं समजावलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? तरी तिसऱ्या संध्याकाळी जाऊन बसले.

त्या दिवशी मोंढ्यात धान्याची मापं करणारे एक वयस्कर मापाडी आले. तिथले सगळ्यात तरबेज खेळाडू तेच. रिकामी खुर्ची पाहून त्यांनी सरळ बैठक मारली.

"बाई, मी सोडणार न्हाई बरं का."

"बिलकुल सोडू नका."

त्यांनी माझा पार धुव्वा उडवला. माझ्या सात सोंगट्या बोर्डावर तशाच राहिल्या. भिंतीपासचे सगळे खदखदून हसले, कारकुनानं तर टाळी वाजवली. मापाडी हसले नाहीत. मी उठले आणि रांगेत शेवटी, त्या कारकुनाच्या मागं जाऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते. तीन दिवसांत मला हरवायच्या लायकीचं समजणारा तो एकच माणूस निघाला.