ज्या वादळात दोघांचं गेलं

स्टेजवर मी पेढ्यांचं ताट धरून उभी होते. अंगावर फॅक्टरीनं दिलेली नवी साडी. खळ गेलेली नव्हती, चालताना कागदासारखी वाजत होती. आदल्या दिवशी निरोप आलता. मालकांचं, भैयासाहेबांचं तालुक्याच्या कॉलेजात भाषण हाय, तुलाबी स्टेजवर घ्यायचंय, नीटनेटकी ये. मला वाटलं, सत्कार असंल. नारळ देतील, शाल देतील. भट्टीवरच्या बायकांनी माझे केस विंचरून दिले. एकीनं तिची गजऱ्याची लड दिली.

हॉल पोरापोरींनी भरलेला. त्यात माझी सोनीबी होती. अकरावीला हाय ती त्याच कॉलेजात. तिसऱ्या ओळीत मैत्रिणींच्या मधी बसलेली. मला स्टेजवर बघून तिनं बाजूच्या पोरीला कोपर मारलं. माझी आई, म्हणून.

भैयासाहेब माईकवर बोलत होते. "मी शून्यातून सुरुवात केली. लोक म्हणतात नशीब लागतं. नशीब हा हरलेल्या माणसाचा बहाणा असतो. पुरावा देऊ?"

मग त्यांनी माझ्याकडं हात केला.

"ह्या ताई माझ्या वर्गातल्या. एकच गाव, एकच शाळा, एकच मास्तर. ज्या वादळात माझी पोल्ट्री उडाली, त्याच वादळात ह्यांच्या म्हशी गेल्या. दोघंही एकाच दिवशी शून्यावर. मी रडत बसलो नाही. ह्या बसल्या. आज खव्याची फॅक्टरी माझी आहे आणि ह्या माझ्याकडं भट्टीवर आहेत. फरक नशिबाचा नाही. फरक जिद्दीचा आहे."

टाळ्या. लई टाळ्या. प्राचार्यबी वाजवत होते. माझ्या हातात ताट, त्यामुळं मला तोंड झाकायला हात नव्हता. मी सोनीकडं बघितलं. ती खाली बघत होती. बाजूची पोरगी तिच्या कानात काहीतरी म्हणली.

मग भैयासाहेब म्हणाले, "ताई, पेढे वाटा." मी वाटले. ओळीओळीनं वाटले. सोनीच्या ओळीत आले तवा तिनं ताटातला पेढा घेतला आणि वर बघितलं न्हाई.

आता इथनं पुढं मी त्याला भैयासाहेब म्हणणार न्हाई. शाळेत मी त्याला बाळ्या म्हणायचे. तेवढंबी नको. तो, एवढंच पुरे.

घरी जाताना काळीपिवळीत सोनी पुढच्या सीटवर बसली, मला मागं बसवलं. घरी आल्यावर दप्तर टाकलं आणि म्हणली, "आई, तू परत उभी का राहिली न्हाईस?"

मी चूल पेटवत होते. काडी तशीच जळत बोटापर्यंत आली. स्टेजवर जे झालं ते सहन झालं असतं. पण पोटच्या पोरीला ते खरं वाटलं होतं.

उत्तर हाय माझ्याकडं. ते सांगते.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. आमी धनगर. बाप मेंढरं राखायचा. सहा महिने मेंढरामागं फिरायचा आणि उरलेले सहा महिने गायरानाच्या कडंला आमचा पत्र्याचा आसरा. मला भाऊ न्हाई, म्हणून नवरा आमच्याकडंच राहायला आला. त्याच्या भावकीनं त्याला लई नावं ठेवली, तरी आला. बाप थकल्यावर आमी मेंढरं विकली आणि दोन म्हशी घेतल्या. आसऱ्याच्या बाजूला मी भट्टी घातली. दगडमातीची. वर लोखंडी कढई. नवरा बाभळीचं जळण आणायचा, मी दूध आटवायची. धुरानं डोळे सुजायचे, हातावर चटके बसायचे. पण खवा उतरला की वास सगळ्या वाडीवर जायचा. केजच्या पेढेवाल्यांनी माझा खवा नाव घेऊन मागायला सुरुवात केली. आणखी दोन घरचं दूध मी घ्यायला लागले. बँकेत गेले, म्हणलं म्हशी वाढवायच्यात. साहेब म्हणला, सातबारा आना. सातबारा न्हाई. मग साहेब दुसऱ्या माणसाकडं बघायला लागला.

तरी चाललं होतं. आमी दोघं राबत होतो आणि पोटापेक्षा जरा वर काहीतरी दिसत होतं.

स्टेजवरचा तो तवा काय करत होता तेबी सांगते. आधी बीडला कापडाचं दुकान टाकलं. बुडालं. त्याचे वडील, अण्णा, दूध संघाचे चेअरमन. मळा, विहिरी, हायवेला लागून जमीन. अण्णांनी दुकान आवरून घेतलं आणि पोल्ट्री काढून दिली. कोंबड्या पहिल्या खेपेला रोगानं मेल्या. अण्णांनी परत भरून दिल्या. पोरगा शिकतोय धंदा, म्हणायचे. खरं बोलायचं तर तो झोपून नव्हता. पहाटे उठायचा, शेडवर स्वतः जायचा, गड्यांच्या बरोबरीनं पोती उचलायचा. त्याचे कष्ट मी बघितलेत. न्हाई कसं म्हणू.

मग ते वादळ आलं. वैशाखातलं. भर दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला. मी कढई झाकायला धावले. नवरा म्हशीकडं धावला. त्या लिंबाखाली बांधल्या होत्या. तो पोचायच्या आत ईज पडली. आवाज आला न्हाई मला, नुसता उजेड दिसला. नवरा चिखलात आडवा. मी ओरडले तवा तो हलला. म्हशी हलल्या न्हाईत. दोन्ही दाव्याला तशाच. आमचे पत्रे उडून ओढ्यात गेले. भट्टीत पाणी भरलं.

त्याच वाऱ्यात त्याच्या पोल्ट्रीचं छप्पर उडालं. कोंबड्या चिखलात पसरल्या. हे खरं हाय. तो खोटं बोलला न्हाई.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तलाठी त्याच्या शेडवर आला. मागनं जनावराचे डॉक्टर आले. फोटो काढले, पंचनामा झाला, चहा झाला. मी वाट बघत होते. त्यांची गाडी आमच्या पुढनं गेली. मी आडवी पळाले. तलाठी काचेतनं म्हणला, "बाई, तुमचं गायरानावर हाय. नोंदीत न्हाई. पंचनामा कशाचा करू?"

"म्हशी मेल्यात साहेब. म्हशी तर दिसत्यात ना?"

"डॉक्टरला सांगा."

डॉक्टर म्हणला, बघू, येतो. आला न्हाई. त्याच्या दाखल्याशिवाय पुरता येत न्हाई म्हणत होते, आणि उन्हानं म्हशी फुगायला लागल्या. कुत्री यायला लागली. मी काठी घेऊन बसले राखत. मेलेल्या म्हशी राखत. शेवटी गावातल्या लोकांनीच वासाला कंटाळून शिव्या दिल्या, तवा आमी खड्डा केला. पुरल्यावर डॉक्टर आला. म्हणला, आता काय उपयोग.

मी रडत बसले न्हाई. तहसीलला गेले. उभ्या उभ्या पाय सुजले. बँकेत परत गेले. पेढेवाल्याकडं गेले, तो म्हणला, खवा आन, पैसे देतो. खव्याला दूध पायजे, दुधाला म्हशी. शेवटी अण्णांकडं गेले. ओसरीवर बसले होते. मी खाली पायरीवर बसले. म्हणलं, अण्णा, संघातनं एक म्हैस उधारीवर मिळवून द्या, दुधातनं फेडते.

अण्णा म्हणले, "म्हैस घेऊन काय करतीस? भैया आता हायवेच्या आपल्या जमिनीत खव्याची फॅक्टरी टाकतोय. गावचं सगळं दूध तिकडंच जाणार. तुला हाताची कला हाय. ये कामाला."

सगळं दूध तिकडंच गेलं. ज्या दोन घरांचं मी घेत होते त्यांच्याबी दारात गाडी थांबायला लागली. त्यांचं काय चुकलं. चेअरमनची गाडी, त्यांना नाही म्हणता येत न्हाई. मी कामाला गेले. नवऱ्याला दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर घेतलं. पहिल्या महिन्यात तो, मालक असून, रोज माझ्या शेजारी पाट टाकून बसायचा. दूध कवा हलवायचं, जाळ कवा कमी करायचा, विचारायचा. मी सांगायची. नोकरी टिकावी म्हणून सांगायची.

कष्ट त्यानंबी केले, मीबी केले. त्याचे कष्ट साठत गेले. माझे त्याच दिवशी खपून जायचे. तो तीनदा पडला आणि तीनदा खाली गादी होती. मी एकदाच पडले. खाली खडक होता.

एवढं सगळं मला त्या दिवशी चुलीपुढं सोनीला सांगता आलं न्हाई. ती न जेवता झोपली.

थोड्या दिवसांनी फॅक्टरीत कॅमेरेवाले आले. जाहिरात करायची होती. सगळ्यांना स्वच्छ टोप्या दिल्या. भट्टीपुढं मला उभं केलं. कॅमेरेवाल्या पोरानं सांगितलं, "मावशी, दोनच वाक्यं. मी हिंमत हरले होते. भैयासाहेबांनी मला जगायला शिकवलं. बास. हसून म्हणा."

मी टोपी सारखी केली.

"मावशी, ऐकू आलं ना?"

"आलं. पण मी न्हाई म्हणनार."

तो, मालक, बाजूला खुर्चीवर बसला होता, फोन बघत. मान वर केली. "काय झालं गं?"

"मी हिंमत हरले न्हवते."

"बरं, ते वाक्य सोड. दुसरं म्हण."

"तेबी खोटं हाय. मला जगायला माझ्या बापानं शिकवलं."

भट्टीवरच्या बायका थांबल्या. एकीच्या कढईतलं दूध तळाला लागल्याचा वास आला. तिनं हलवलं न्हाई. तो उठून जवळ आला. आवाज बारीक केला. "बाहेरची मानसं हायती. तमाशा करू नको. तुझ्या म्हशी काय मी मारल्या का?"

"न्हाई. ईज कुनाचीच नसती. पण वादळ गेल्यावर तुमच्या दारात तलाठी आला आन् माझ्या दारात कुत्री आली. हे म्हनते मी कॅमेऱ्यात. घेता का?"

कॅमेरेवाल्या पोरानं कॅमेरा खाली घेतला.

मालकाचं तोंड लाल झालं. तरी तो ओरडला न्हाई. शांत म्हणला, "कॉलेजात तुझी इज्जत केली मी. स्टेजवर चढवलं. त्या उपकाराची ही फेड का?"

"ताट धरायला चढवलं."

"उद्यापासून येऊ नको."

मी टोपी काढली, कट्ट्यावर ठेवली. बायका माझ्याकडं बघत न्हवत्या. मी त्यांना दोष देत न्हाई. त्यांचीबी पोरं हायत. फाटकापर्यंत चालत गेले. मला वाटलं होतं छाती हलकी होईल. झाली न्हाई. उद्या काय, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी नवऱ्याच्या हातातनं टेम्पोची चावी काढून घेतली. तो घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. मग म्हणला, "दोन वाक्यं म्हणली असतीस तर काय जीभ झडली असती का?"

मी म्हणलं, "झडली असती."

तो म्हणला, "जिभेला काय खायला घालतीस आता?"

त्याचं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी मी सोनीला समोर बसवलं. सगळं सांगितलं. तलाठ्याच्या गाडीची काच, फुगलेल्या म्हशी, अण्णांची पायरी. ती ऐकत होती. मला वाटलं, रडंल, गळ्यात पडंल. ती म्हणली, "मग माझ्या कॉलेजचं काय?"

"बघू."

"बघू म्हणजे काय आई?"

गावात काम मिळंना. कुणाच्या रानात खुरपायला गेले तर दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, नको येऊ, अण्णांचं आमचं बसणं-उठणं हाय. पिठाचा डबा तळाला गेला. एक दिवस मी नुसतं पाणी उकळत ठेवलं, शेजारणीला वाटावं सैपाक चाललाय म्हणून. त्या वाफेपुढं बसून मनात आलं, म्हणली असती वाक्यं. हसून म्हणली असती. काय गेलं असतं? मी स्वतःलाच विचारलं आणि मला लगेच सोनीची खाली गेलेली मान दिसली. माझ्याच तोंडानं म्हणले असते, तर ती मान परत कधी वर आली नसती.

आता आमी दोघं गेवराईकडं जिनिंगवर हाय. कापसाच्या ढिगात. नाकात, डोळ्यात, भाकरीत कापूस. राहायला मिलच्या मागं पत्र्याची खोली. सोनीला लिंबागणेशला माझ्या मावशीकडं ठेवलंय. शिकतीय. कुठवर शिकंल, सांगता येत न्हाई. मागच्या खेपेला फोनवर जास्त बोलली न्हाई. जेवलीस का आई, एवढंच विचारलं.

इथला मुकादम परवा बायकांना म्हणत होता, "आमचा शेठबी शून्यातनं वर आला. मेहनत लागती बायांनो, मेहनत." बायका माना हलवत होत्या. मी हातातला कापूस खाली टाकला आणि विचारलं, "शेठच्या बापाचं काय होतं?" मुकादम माझ्याकडं वळला. मग म्हणला, "तुला कशाला पायजे बे?" बाईला बे म्हणला. मी परत विचारलं. एक बाई हळूच म्हणली, "बापाची आडत होती, मोंढ्याच्या बाजारात." मुकादमानं मला दिवसभर मशीनची धूळ बाहेर पडती त्या तोंडाशी लावलं.

लावू दे. इथनंबी काढतील कदाचित. मग दुसरीकडं जाईन आणि तिथंबी विचारीन.

मला परत म्हशी मिळतील, माझी भट्टी परत पेटंल, असं मी कुणाला सांगत न्हाई. मला तसं दिसत न्हाई. राबत राबतच मरायची येळ येईल, हे मला दिसतंय. पण तू आळस केलास, तू हिंमत हरलीस, तुझी गरिबी तुझ्या करणीची, हे माझ्या तोंडावर कुणालाबी म्हणू देणार न्हाई. मालकाला न्हाई. नवऱ्याला न्हाई. पोटच्या पोरीलाबी न्हाई.