फोडलेल्या वाद्यांचा अभ्यासक

वृंदाचा फोन आला तेव्हा मी दुबईतल्या आमच्या इंग्रजी दैनिकाच्या कचेरीत दुसऱ्या दिवसाचे शहर-पान तपासत होतो. पानाच्या तळाशी चार ओळींची एक बातमी लागली होती. अल ऐनच्या रस्त्यावर एक गाडी कठड्याला धडकली, चालक जागीच मृत, अन्य कोणी जखमी नाही. चालकाचे नाव नव्हते. इथल्या अपघाताच्या बातम्यांत ते सहसा नसतेच. 'आशियाई' एवढेच असते. वृंदा म्हणाली, "सलीमभाऊ, मुकुंद गेला. अल ऐनच्या साइटवरून परत येत होता." मी तिला रस्त्याचा कुठला टप्पा ते विचारले, गाडी कुठली ते विचारले. गाडी मला माहीत होती, तरी विचारले. त्या चार ओळींतली भाषा मीच तासाभरापूर्वी नीट केली होती.

मुकुंद रिसबूड पाण्याच्या पंपांचा इंजिनिअर होता. पुण्याचा, पन्नाशी ओलांडलेला, शारजात अल मजाजला खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये बायको वृंदा आणि मुलासह राहणारा. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हृदय आधी थांबले आणि मग गाडी धडकली. पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला होता. कठड्याने गाडीची एक बाजू पत्र्याचा डबा उघडावा तशी उघडली. मी ती गाडी पोलिसांच्या आवारात पाहिली. मागच्या सीटवर साइटचे हेल्मेट होते, त्याला ओरखडाही नव्हता.

आमची ओळख झाली ती बर दुबईतल्या एका घरगुती बैठकीत. तो मांडी घालून, व्हायोलिनचे डोके पायावर टेकवून मारवा वाजवत होता. मध्येच एकाचा मोबाइल वाजला. मुकुंदने गज थांबवला, गुडघ्यावर आपटून त्याचे दोन तुकडे केले, आणि उरलेल्या मंडळींना शांतपणे म्हणाला, "चहा घेऊ या." त्याचा राग असा होता. आधी सूचना नाही, नंतर खेद नाही. रिमोट, चष्मे, एकदा मायक्रोवेव्हचे दार... वृंदा नव्या वस्तू आणताना दोन आणायची. "एक वापरायला, एक ह्याला," म्हणायची. ऐकणारे हसायचे, तीही हसायची.

नॉर्वेचे वेड त्याला आर्नेमुळे लागले. आर्ने त्याच्याच कंपनीतला नॉर्वेजियन इंजिनिअर, निवृत्त होऊन मायदेशी परतताना त्याने मुकुंदला आपल्या आजोबांची फेले देऊन टाकली. फेले म्हणजे त्यांच्या डोंगराळ भागातले व्हायोलिन. काळ्या शाईची वेलबुट्टी, शिंपल्याचे जडावकाम, आणि शेंड्याला मुकुट घातलेले सिंहाचे डोके. पण मुकुंदला भुरळ पडली ती वरच्या चार तारांखाली लपलेल्या तरफांची. आपल्या सारंगीसारख्याच त्या न छेडता गुणगुणतात. "बर्फात राहणाऱ्या माणसाला हे सुचलंच कसं?" तो महिनाभर हेच विचारत राहिला. मग पुस्तके मागवू लागला, आर्नेशी व्हिडिओवर तासन्‌तास बोलू लागला, आणि त्याच्या लक्षात आले की त्या देशाच्या संगीताचा इतिहास बराचसा मारामारीचा इतिहास आहे.

हा इतिहास तो ज्या पद्धतीने सांगायचा ती पद्धत मला, बातमीदार म्हणून, आवडायची. विशेषणे नसत. जुन्या काळी तिकडच्या खेड्यांत लग्न दिवसेंदिवस चाले आणि वादकाने थांबायचे नसे. दारू चढली की जुनी भांडणे निघत. दोन पुरुषांना एकाच कमरपट्ट्यात समोरासमोर आवळत आणि हातांत सुरे देत, वादक वाजवत राही. लग्नाला निघताना बायका नवऱ्याचे कफन गाठोड्यात घेत, अशी तिकडे लोककथा आहे. काही चाली अशा मानल्या जात की त्या सुरू झाल्यावर वादकालाही थांबता येत नसे. कुणीतरी पुढे होऊन वाद्य हिसकावून घ्यावे लागे, नाहीतर तारा कापाव्या लागत. वाजवण्याची विद्या धबधब्यातला एक आत्मा देतो, ही आणखी एक समजूत. त्याला बोकडाचे मांस द्यायचे. मांस पुरेसे असेल तर तो शिष्याचा हात धरून तारांवरून ओढतो, बोटांतून रक्त येईपर्यंत. मग एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची लाट आली, फेले हे सैतानाचे वाद्य ठरले, आणि गावोगाव ती दगडावर आपटली गेली, चुलीत गेली. काहींनी भिंतीत चिणून वाचवली.

हे सगळे त्याने एकदा इथल्या मराठी मंडळात स्लाइड दाखवून सांगितले. दिवाळीनंतरचा कार्यक्रम होता, मागच्या टेबलांवर बटाटेवडे येऊन पडले होते. कफनाची गोष्ट संपल्यावर मागून कुणीतरी विचारले, "रिसबूड, तिकडे लग्नात जेवण आधी की मर्डर आधी?" सभागृह हसले. मुकुंद म्हणाला, "जेवण आधी. म्हणून तुम्ही वाचलात." मग त्याने वाद्य हनुवटीखाली धरले आणि एक नाच वाजवला. पाय जमिनीवर आपटत, घाम गाळत, अशा तालात की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कानांवर हात ठेवले. चाल सुंदर नव्हती. कुणी दारावर लाथा घालत असावे तशी होती.

त्याचा मुलगा ईशान त्या वेळी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता. तो गिटार वाजवायचा, आणि वाजवायचा तेही नॉर्वेचेच, पण आजचे. किंकाळ्यांचे, अतिवेगवान, काळ्या कपड्यांचे मेटल. या संगीताची एक काळी बाजू मुकुंदला पाठ होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिकडच्या काही तरुण वादकांनी लाकडी चर्चे पेटवली, आणि त्यांच्यातल्या काहींनी माणसेही मारली. मुकुंद ते मंडळात सांगायचा नाही. घरी मुलाला मात्र वरचेवर सांगायचा. ईशान इंग्रजीत उत्तर द्यायचा, "बाबा, दॅट वॉज फाइव्ह इडियट्स. आय जस्ट लाइक द गिटार्स."

ज्या शनिवारी ते घडले त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पानावर बसलो असताना नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, वर आला. वरच्या मजल्यावरच्या केरळी ख्रिस्ती कुटुंबाने ईशानला लिफ्टमध्ये पाहिले होते. त्याच्या बँडच्या टीशर्टवर जळणाऱ्या चर्चचे चित्र होते, असे त्यांचे म्हणणे. नातूर म्हणाला, "साब, वो लोग पुलिस बोल रहे हैं." इथे राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुठल्याही धर्माची विटंबना हा इथे गुन्हा आहे, आणि परक्या माणसासाठी शिक्षेचा शेवट विमानतळावर होतो. वृंदाने हातातली पोळी खाली ठेवली. "मुकुंद, त्याचं अख्खं करिअर जाईल रे. आपला व्हिसा जाईल."

मुकुंद उठला. ईशान खोलीत तोच शर्ट घालून बसला होता. छातीवर एक उंच लाकडी मनोरा पेटलेला होता. मुकुंदने एक प्रश्न विचारला नाही. भिंतीला टेकवलेली गिटार त्याने मानेशी धरली, बाल्कनीत नेली आणि कठड्यावर आपटली. पहिल्या घावात काही झाले नाही. दुसऱ्यात मान मोडली. ईशानने मागून त्याचा दंड धरला, तेव्हा मुकुंदचा कोपर त्याच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटला. सुटलेली तार मुकुंदच्या भुवईवरून गेली. तो रक्त पुसत नव्हता. लाकडाचे तुकडे खाली पार्किंगमध्ये पडत होते आणि नातूर खालून ओरडत होता, "साब, खलास करो, गाडियाँ हैं." मी मुकुंदला कमरेला धरून आत ओढले. ईशान बाथरूममध्ये गेला, तोंड धुतले, बाहेर आला आणि सपाट आवाजात विचारले, "आर यू डन?"

तक्रार पोलिसांपर्यंत गेली नाही. वृंदा वर जाऊन माफी मागून आली. पण ईशानने त्या दिवसापासून बापाशी बोलणे बंद केले. मीठ हवे असेल तर आईला सांगायचा.

पुढच्या आठवड्यांत मुकुंद नव्या व्याख्यानाची तयारी करत होता. जुन्या स्लाइड चाळताना त्याला तो मनोरा दिसला. आर्नेनेच कधीतरी पाठवलेला फोटो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात लाकडी पिंपे एकावर एक रचून देवळाच्या कळसाएवढी होळी पेटवतात, गाव भोवती जमते, फेले वाजतात. ती होळी होती. ईशानने बाबांच्या कॉम्प्युटरवरून ते चित्र घेऊन आपल्या बँडच्या शर्टावर छापले होते. वरच्या मजल्यावरच्यांना ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. कळायला हवे होते ते एकाच माणसाला. पण त्या माणसाच्या डोक्यात जळणारी चर्चे इतकी भरलेली होती की स्वतःच्या संग्रहातली होळी त्याला ओळखता आली नाही.

त्याने ईशानला विचारले, "सांगितलं का नाहीस?" उत्तर आले, "यू डिड्‌न्ट आस्क." मग मुकुंदने फेले आणली, त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, आणि म्हणाला, "फोड. बाल्कनीत ने आणि फोड. मी बघत उभा राहतो." तो गंमत करत नव्हता, वृंदा म्हणते, त्याने बाल्कनीचे दार उघडून धरले होते. ईशानने वाद्य उचलले. हातात थोडा वेळ धरले. मग पेटीत नीट ठेवून पेटी बंद केली. "आय ॲम नॉट यू," म्हणाला आणि शाळेला गेला.

हे मला मुकुंदने फोनवर सांगितले. मग म्हणाला, "सलीम, तिकडे फेले कुणी फोडल्या माहीत आहे? पाद्री फक्त बोलले. फोडल्या घरातल्याच लोकांनी. आपापल्या अंगणात." त्याने नवी गिटार आणली, ती खोके न उघडता परत गेली. त्याला माफी मागता येत नव्हती असे नाही. त्याने ती मागितली, वृंदासमोर, दोनदा. मुलगा "इट्स ओके" म्हणायचा आणि खोलीत जायचा. मुकुंदला 'इट्स ओके' नको होते. त्याला मुलाने आपल्यासमोर पुन्हा वाजवायला हवे होते. शेवटचे वर्षभर त्याला दुसरे काही नको होते, हे मी जबाबदारीने लिहितो.

म्हणून तो अल कूजच्या एका गोदामात गेला. तिथे एका गॅरेजशेजारी मुलांचे बँड वाजवतात. ईशानने बोलावले नव्हते. मुकुंदला पोस्टर इंटरनेटवर दिसले आणि त्याने मला बरोबर नेले. आम्ही दोघेच पांढऱ्या केसांचे. ईशान उसनी गिटार घेऊन उभा होता. पहिल्या ठोक्यालाच समोरची मुले एकमेकांच्या अंगावर तुटून पडली. खांदे, कोपर, गुडघे, आणि सगळे हसरे. मी भिंतीशी सरकलो. मुकुंद पुढे सरकला. एका धिप्पाड मुलाचा खांदा लागून तो आडवा झाला, चष्मा बुटांखाली गेला, नाकातून रक्त आले. दोन मुलांनी त्याला काखेत धरून उभे केले. "अंकल, यू ओके? यल्ला, गो बॅक." तो माझ्या कानाशी ओरडला, "हे तेच आहे. सुरे नाहीत, एवढंच." स्टेजवर ईशानने त्याला पाहिले. त्याने वाजवणे थांबवले, गिटार खाली ठेवली, आणि बाकीच्यांना पुढे चालू द्या अशी खूण करून मागच्या दाराने निघून गेला.

परतीच्या वाटेवर मुकुंद नाकाला रुमाल लावून बसला होता. "मी गेलो नसतो तर त्यानं पूर्ण वाजवलं असतं," म्हणाला. त्यानंतर काही आठवड्यांनी अल ऐनचा रस्ता.

स्मशानात विधी सांगणाऱ्या गुरुजींनी ईशानला मंत्र मागून म्हणायला सांगितले. त्याचे उच्चार स्वच्छ निघाले, त्याचे मला आश्चर्य वाटले. अग्नी दिल्यावर तो दोन पावले मागे आला आणि तिथेच उभा राहिला, लोक हलले तरी.

गेल्या शनिवारी मी अल मजाजला गेलो. मुकुंदच्या व्हिसावर असलेली दोघे आता पुण्याला निघाली आहेत. घर खोक्यांत भरले होते. वृंदाने मला फेले आर्नेकडे पाठवायची व्यवस्था करा म्हणून बोलावले होते. मी पोहोचलो तेव्हा पेटी उघडी होती आणि रिकामी होती. मुकुंदच्या खोलीत ईशान उभा होता, वाद्य हनुवटीखाली न धरता गिटारसारखे पोटाशी आडवे धरून, उजव्या मुठीत गज. त्याला गज चालवता येत नव्हता. तो तारांवर गजाने मारत होता, वरून खाली, पुन्हा पुन्हा, आणि दर फटक्याला खालच्या तारा ओरडत होत्या. एक तार तुटून त्याच्या मनगटावर बसली. तो थांबला नाही. मध्येच त्यातून चालीसारखे काहीतरी निघाले, मंडळातल्या त्या नाचाचे, किंवा गोदामातल्या गाण्याचे... मला सांगता येणार नाही. त्याचे तोंड बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे होते आणि तो पूर्ण वाजवत होता. आम्ही दारात होतो हे त्याला दिसत होते. या वेळी तो निघून गेला नाही.

बाहेरचे दार कुणीतरी मुठीने ठोठावले. वृंदाने उघडले. शेजारचे गृहस्थ चिडून उभे होते. "ये क्या चल रहा है? कोई मर रहा है क्या?"

वृंदा म्हणाली, "मर चुका है, भाईसाब. बेटा बजा रहा है. सुनना है तो अंदर आइए."

ते आले नाहीत. तिने दार लावले, आणि त्या खोलीत जाऊन एका खोक्यावर बसली. मीही बसलो. आर्नेचा पत्ता मी अजून तिला मागितलेला नाही.