किंचित कुरकुर

आमच्या ह्यांना सगळी गल्ली कानसेन म्हणायची. गाण्यातलं ह्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ह्यांचा कान होता तो गवत कापायच्या मशीनसाठी. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये लांब टेबल, टेबलावर उघडे पडलेले कार्बोरेटर आणि घरभर पेट्रोलचा वास. वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा तोच वास. तेव्हा मी त्यावरून काय काय बोलायचे! आता कुठेही तो वास आला की पाय आपोआप रेंगाळतात.

मशीन बरेच महिने कोपऱ्यात पडून राहिलं की आतलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजतं. हे कार्बोरेटरची वाटी काढायचे, जेट खिडकीसमोर धरून एक डोळा मिटायचे, बारीक तार फिरवून फुंकर मारायचे. भोकातून उजेड दिसला की स्वारी खूश. पण खरं काम पुढेच. मशीन चालू करून पूर्ण रेस द्यायची आणि कार्बोरेटरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. जास्त आवळला तर पेट्रोल कमी पडतं, मशीन किंचाळतं, तापतं आणि एक दिवस पिस्टन जाम. फार सैल सोडला तर नुसता धूर.

“रिकामं फिरताना थोडी कुरकुर राहू द्यायची,” हे गिऱ्हाइकांना सांगायचे. “गवतात घातलं की आपोआप जाते. आमच्या हिच्यासारखं. कामाला लागेपर्यंत कुरकुर, मग बिनबोभाट.”

आणि हे चारचौघांत! मी चहाचा कप टेबलावर ठेवायचे आणि तरातरा आत निघून जायचे. आत जाऊन हसायचे, ते मात्र ह्यांना कधी दिसू दिलं नाही.

मग बेलचं प्रकरण सुरू झालं. दारावरची बेल वाजतच नाही असं ह्यांचं म्हणणं. उघडली, पुसली, परत बसवली. मी दाबून दाखवली, चांगली टिंगटिंग वाजली. हे म्हणाले, “बघ, अजून बंदच आहे.” माझ्या मनात पाल चुकचुकली. लेकीने कानाचं यंत्र आणून दिलं, तर म्हणाले, “मशीन ऐकायला कानात आणखी एक मशीन घालू?” आणि डबी कपाटात गेली.

बेलचं काही नाही हो, बेलवाचून माणसाचं अडत नाही. पण एक दिवस समोरच्या बागेतला माळी मशीन ढकलत आला.

“काका, पिस्टन जाम झाला. परवाच तर तुमच्याकडून नेलं होतं.”

“पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असशील.”

“तुम्ही दिलेल्या मापानेच घालतो, काका.”

हे त्याच्यावर खेकसले. पण मला ठाऊक होतं. मशीन नेलं त्या दिवशी ते कसं किंचाळत होतं, मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आणि हे मशीनशेजारी डोळे मिटून, समाधानाने मान डोलवत उभे होते. तो बारीक आवाज ह्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

हे ह्यांना सांगायचं कसं? दुसरं कोणी असतं तर मी तोंडावर बोलले असते, माझी जीभ काही कमी नाही. पण ह्यांच्यापुढे माझी बोबडी वळली. त्या संध्याकाळी हे रिकाम्या टेबलासमोर बसले होते. म्हणाले, “माळ्याचं मशीन नीट करून देतो आणि शेड बंद करतो. पुरे झालं.” शेडशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय? नुसता खुर्चीत बसून वाळून जाईल.

नवा पिस्टन बसला. माळी घ्यायला आला. ह्यांनी पूर्ण रेस दिली आणि मी नेहमीसारखी चहा घेऊन गेले. मशीन किंचाळत होतं. हे स्क्रूवरचा हात काढणार, एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. एरवी कप ठेवून पळणारी मी, कप हातात धरून तशीच उभी होते. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्क्रू जरासा सैल केला. मी हलले नाही. आणखी केसभर. किंचाळणं मोडलं, थोडी कुरकुर आली. मी कप टेबलावर ठेवला.

मशीन बंद करून हे माळ्याला म्हणाले, “ने.” तो गेल्यावर कप उचलला. चहा गार झाला होता. कोमट चहाला हात न लावणारा माणूस तो, तक्रार न करता सगळा प्यायला.

शेड बंद झाली नाही. पुढे कितीतरी वर्षं ह्यांनी गारच चहा प्यायला. आम्ही दोघं त्याबद्दल एका शब्दानेही बोललो नाही.

एकदा बहीण आजारी म्हणून मी तिच्याकडे राहून आले. परतले तर शेडबाहेर मशीनची रांग. माळी म्हणाला, “काकू, काका म्हणतात सामान आलं नाही.” तेवढ्यात हे बाहेर आले. सामान आतल्या टेबलावर ढीगभर दिसत होतं. सगळ्यांदेखत मला म्हणाले, “आलीस? आधी चहा टाक.” पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही! मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि आधण ठेवलं.

हे गेले. शेडमध्ये आता नातवंडांच्या सायकली असतात. बागेत बॅटरीची मशीनं आली, ती नुसती गुणगुणतात. उतारावरच्या दाट गवतासाठी माळ्याने एक जुनं ठेवलंय. परवा सकाळी मी माझा चहा घेऊन खिडकीशी बसले होते, तर ते किंचाळायला लागलं. कप काही केल्या खाली ठेववेना. ह्यांचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कपासकट रस्ता ओलांडला.

“काकू, तुम्ही?”

“रेस दे. पूर्ण.”

एका हातात कप, दुसऱ्या हाताने स्क्रू. केसभर. आणखी केसभर. कुरकुर आली. मी कप बागेच्या कठड्यावर ठेवला आणि सवयीने ह्यांच्याकडे पाहायला मान वर केली.

समोर माळी उभा होता. “लागलं का बरोबर, काकू?”

“लागलं,” मी म्हटलं आणि गार झालेला चहा तिथेच उभ्याने पिऊन टाकला.