खांडीपलीकडची संयुक्त पाहणी

दिल्लीचे साहेब बूट हातात घेऊन बंधाऱ्यावर उभे होते आणि दाजी गावकारांचं गाऱ्हाणं काही संपत नव्हतं.

मी तेव्हा राज्य सरकारच्या खारभूमी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. काम साधं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बंधारे सांभाळायचे. मालवणजवळच्या या गावात बंधारा फुटला होता, म्हणजे आमच्या भाषेत खांड पडली होती. पावसाआधी ती बुजवली नाही तर गावाची शेती दोन-तीन वर्षांसाठी गेली.

माती होती, दगड होते, माणसं होती. परवानगी नव्हती. खांडीच्या तोंडाशी कांदळवन वाढलं होतं, खाऱ्या चिखलात येणारी ती झाडं. भरतीच्या पट्ट्यातल्या झाडांना दिल्लीचा नियम, शेतीला राज्याचा. मी प्रस्ताव मुंबईला पाठवला, मुंबईने दिल्लीला. दिल्लीने विचारलं, नवीन बांधकाम की दुरुस्ती? मी दुरुस्ती लिहिलं. मग दिल्लीने कळवलं, दुरुस्ती असेल तर राज्याने बघावं. राज्याने कळवलं, झाडं असतील तर केंद्राने बघावं. अखेर कुणीतरी जॉइंट इन्स्पेक्शन काढलं. म्हणजे आजवर पत्रातून सांगितलेलं दोघांनी एकत्र येऊन तोंडी सांगायचं.

खांडीला लागून सरस्वतीवहिनींचा कुणगा होता, भातशेतीचा एवढासा तुकडा. नवरा वारलेला, मासळी विकून घर चालवायच्या, पण भात घरचं खायच्या आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. दर आठवड्याला ऑफिसात येऊन माझं डोकं खायच्या. इन्स्पेक्शनचं कळल्यावर म्हणाल्या, "दिवस सायबांक विचारू नकात. अमावाशेक सकाळी नऊ वाजता हाडा त्यांका."

त्यांचं म्हणणं असं, की ओहोटीला आले तर साहेब कोरडी खांड बघून जातील. उधाणाचं पाणी आत घुसताना त्यांना दिसलं पाहिजे. मी तारीख-वेळ कळवली. कारण कळवलं नाही.

दिल्लीचे साहेब रेल्वेने कुडाळला उतरले, मुंबईचे जीपने आले. पाणी उतरलेलं होतं तेव्हा खांडीतले दगड तुडवत आम्ही पलीकडच्या बंधाऱ्यावर गेलो. तिथे गावाचे मानकरी दाजी गावकार नारळ घेऊन तयार होते. आमच्याकडे कुठलंही काम आधी देवाच्या कानावर घालतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एरवी दाजी पाच मिनिटांत उरकतात. त्या दिवशी त्यांनी एकही देव सोडला नाही. दिल्लीच्या साहेबांनी हळूच विचारलं, अजून किती? मी सांगितलं, अजून वेशीवरचे राहिलेत.

"दिल्लीच्या सायबाक नि मुंबयच्या सायबाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा," दाजी म्हणाले.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांबरोबर दोन्ही साहेबही म्हणाले.

नारळ फुटला तेव्हा खांड कमरेएवढी भरली होती. जीप अलीकडे, आम्ही पलीकडे, मागे चिखल आणि कांदळ. पाणी उतरायला तीन-चार तास तरी होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते कुणग्यांत पसरत गेलं आणि दोघांपैकी कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

सावली फक्त कांदळाची. तिथे टेकल्यावर दोन्ही साहेब हळूहळू बोलायला लागले. दोघंही आपापल्या वरिष्ठांना सारखेच कंटाळलेले निघाले. मग मार्गही निघाला. झाडं तोडायची नाहीत, बंधारा त्यांच्या मागून वळवून घ्यायचा. नकाशा माझ्याकडे होता. पेन्सिलीने वळण मी काढलं आणि दोघांनी तिथेच सह्या ठोकल्या. कित्येक महिने अडकलेली फाइल तासाभरात सुटली. मी इतका खूश झालो, की रेघ कुणाच्या जमिनीवरून गेली ते बघितलंच नाही.

पावसाआधी बंधारा झाला. गावाची शेती वाचली, कांदळवन वाचलं. सरस्वतीवहिनींचा कुणगा वळणाच्या बाहेर, खाडीत राहिला.

त्यांना बदली जमीन द्यावी म्हणून मी लिहिलं. दिल्लीने कळवलं, जमीन हा राज्याचा विषय. मुंबईने कळवलं, वळणाची अट केंद्राची.

ती दोन्ही पत्रं घेऊन मी वहिनींकडे गेलो. रेघ मी ओढली, चूक माझी, असं सरळ सांगितलं. लाज वाटत होती, अजून वाटते. त्या मासळीची टोपली भरत होत्या. पत्रांकडे त्यांनी बघितलंही नाही.

"सायबानू," त्या म्हणाल्या, "ते दोघे भांडत होते तवसर माज्या कुणग्याक कोणी हात लावूक नाय."

टोपली डोक्यावर घेऊन त्या बाजाराला गेल्या. त्या वर्षीपासून तांदूळ विकत आणायला लागल्या.

पुढे रिटायर होईपर्यंत मी बरीच जॉइंट इन्स्पेक्शन्स केली. दोन सरकारांचं एकमत व्हायला लागलं, की मी आधी गावातले सगळे सातबारे मागवायचो.