बेबीबाईचा हात

कॅनडातल्या विंडसरमधलं एकही मराठी घर असं नाही की जिथं बेबीबाईला ओळखत नाहीत, आणि तिचा हात ज्याला माहीत नाही असं तर कुणीच नाही. इतरांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हिचा थेट तळहातात राहायचा. आधी हात सुटायचा, मग तोंड सुटायचं, आणि दोन्हींतलं वाईट कोणतं यावर धोंडिबाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, आयुष्यभर एकमत झालं नाही.

हे काही इकडे येऊन झालेलं नव्हतं. बार्शीकडच्या ज्या खेड्यात ती वाढली, तिथं शाळेच्या पाण्याच्या टाकीला हिनं हात लावला म्हणून वरच्या आळीतल्या एका पोरानं हिला ढकलून दिलं होतं. हिनं उठून पितळी तांब्या त्याच्या कपाळात घातला. मास्तरांनी तिला झोडपलं, आणि वरच्या आळीचे लोक दारात आले म्हणून संध्याकाळी बापानंही झोडपलं. मार खाऊन काही पोरी गप्प होतात. ही मार खाऊन मारायला शिकली.

लग्न धोंडिबाशी झालं. माणूस सालस, वाचणारा, पुण्याच्या कारखान्यात नोकरीला. पण पहिल्या बाळंतपणात ती सासरी, गावात अडकली, कारण सासूनं माहेरी सोडलंच नाही. दिवस उलटून गेले तरी कळा येईनात, म्हणून सासूनं काळ्या चहात एरंडेल ओतून तिला पेलाभर पाजलं. मग कळा आल्या त्या अशा की दोन कळांच्या मधे श्वास घ्यायला जागा नाही. उलट्या आणि जुलाबांनी बाई अर्धी झाली. तरी बाळ सरकेना म्हटल्यावर शेजारची एक दांडगी बाई तिच्या पोटावर गुडघा देऊन बसली. मुलगी झाली, निळी. ती रडलीच नाही. अंगात उभं राहण्याएवढी ताकद आली त्या दिवशी बेबीबाईनं अंगणातलं मुसळ उचललं आणि त्या शेजारणीचा तोच गुडघा फोडला. सासू म्हणाली, नशीब. नणंद प्रमिला म्हणाली, नशीबच. बेबीबाईनं मनातल्या मनात मुलीचं नाव ठेवलं होतं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढं हर्षवर्धन झाला तो पुण्यात, इस्पितळात, धडधाकट. तो पहिलीत असताना धोंडिबाला विंडसरमध्ये गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं आणि सगळे इकडे आले. बेबीबाई गाडीच्या सीटची कव्हरं शिवायच्या फॅक्टरीत लागली. तिथं लंचरूममध्ये एकानं येताजाता तिच्या कमरेला हात लावला. पहिल्यांदा तिनं दुर्लक्ष केलं असं ती सांगते, पण ते कुणालाच खरं वाटत नाही. दुसऱ्यांदा तिनं भरलेला स्टीलचा डबा त्याच्या नाकावर हाणला. नाक मोडलं, डाळ भिंतीवर गेली. युनियननं नोकरी वाचवली, पण राग आवरायच्या क्लासला जावं लागलं. ती सगळ्या क्लासांना वेळेवर गेली, सर्टिफिकेट आणलं, फ्रीजवर चिकटवलं, आणि त्याच फ्रीजचं दार आपटून आपटून दोनदा त्याचं बिजागर तोडलं.

एवढं सगळं खपून गेलं. खपलं नाही ते लाटणं.

गेल्या थंडीतली गोष्ट. हर्षवर्धनची बायको प्रीती तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. ती मूळची ठाण्याची, शिकलेली, लंडनच्या, म्हणजे इंग्लंडातल्या नव्हे, इथल्याच कॅनडातल्या लंडनच्या, विद्यापीठात नोकरीला; तिथून इथं यायला दोन तास लागतात, म्हणून बाळंतपणापुरती सासरी येऊन राहिली होती. धोंडिबा कुठल्याशा मीटिंगहून उशिरा आला, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला नव्हता, त्यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि बेबीबाईनं लाटणं भिरकावलं. धोंडिबाच्या भुवईला टाके पडले. प्रीतीनं त्याच्या कपाळाला फडका दाबून धरला, आणि तो इमर्जन्सीत गेल्यावर तिनं सासूला समोर बसवलं.

"आई, माझे वडील माझ्या आईला मारायचे. मी टेबलाखाली बसून ऐकायची. माझं बाळ तसं ऐकणार नाही. तुम्ही पुन्हा कुणावर हात उचललात, तर मी बाळाला घेऊन लंडनला जाईन. नाही उचललात, तर नोकरी सुरू झाली तरी मी इथूनच जाऊन-येऊन करीन, आणि बाळ दिवसभर तुमच्याकडे."

बेबीबाईला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. आणि खरंच, त्या दिवसापासून तिनं हात आवरला. राग आला की ती बेसमेंटमध्ये जाऊन ओल्या चादरी पिळायची, किंवा कणीक तिंबायची. त्या वसंतात त्या घरच्या पोळ्या इतक्या मऊ झाल्या की धोंडिबाला त्याचीच भीती वाटायला लागली.

मग एप्रिल आला. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली आणि प्रीतीला कळा काही येईनात. हॉस्पिटलनं सांगितलं, बाळ ठीक आहे, थोडं थांबू, नाहीतर सोळा तारखेला औषध देऊन कळा आणू. झालं. धोंडिबाच्या डोक्यात चौदा तारीख शिरली. आपलं नातवंड जयंतीच्या दिवशी जन्माला आलं पाहिजे. जयंती मंडळाचा तो सेक्रेटरी. फोनवर चार लोकांना त्यानं सांगूनही टाकलं. वर फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या ब्रॉसार्डहून नणंद प्रमिला आली. तीस वर्षं तिकडे राहून ती प्रत्येक वाक्य "अलोर", म्हणजे "तर मग", म्हणून सुरू करायची आणि शेवटी गावाकडच्याच गोष्टीवर यायची.

रविवारी बेसमेंटमध्ये जयंतीच्या तयारीची बैठक होती. ठरायचं होतं हॉल, जेवण आणि लहान मुलांची भाषणं; चर्चा झाली ती प्रीतीच्या पोटावर. एक जण म्हणाला, खजूर द्या, रोज सहा. त्याची बायको म्हणाली, खजुरानं काय होतंय, अननस. दुसरी म्हणाली, मॉलमध्ये जिने चढायला लावा. कुणी झणझणीत रस्सा सुचवला, कुणी रास्पबेरीच्या पानांचा चहा, आणि एका काकांनी नवरा-बायकोनं काय करावं ते सुचवलं तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. प्रीती मोठ्या रबरी बॉलवर बसून हळूहळू डुलत होती. पाय सुजलेले, रात्रीची झोप नाही.

"मी कार्यक्रमातला आयटम नाहीये बाबा," ती सासऱ्याला म्हणाली.

"अगं, तसं नाही पोरी. आपलं नैसर्गिक पद्धतीनं होतंय का बघायचं, एवढंच. सुई नाही, सलाइन नाही."

"नैसर्गिक तर इंचूबी असतोय," बेबीबाई जिन्यावरून म्हणाली. "आनि पोर म्हंजे काय जयंतीचं पाहुनं हाय का, निमंत्रन दिलं की यील?"

लोक हसले. प्रमिला हसली नाही. तिनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. "अलोर, वहिनी, हे एरंडेल. आपल्या आईनं गावातल्या सगळ्या बायांना हेच दिलं. एकीला काही झालं म्हणून काय—"

ती 'एकी' जिन्यावरच उभी होती, आणि गेलेल्या मुलीचं नाव फक्त तिलाच माहीत होतं. बेबीबाई खाली आली. सगळे मागं सरकले. प्रीती डुलायची थांबली आणि सासूच्या हाताकडे बघत राहिली. बेबीबाईनं बाटली उचलली आणि प्रमिलाच्या डोक्यावरून भिंतीवर अशी मारली की काचा पार पलीकडच्या सोफ्यापर्यंत उडाल्या. तेल भिंतीवरून ओघळलं. उग्र वास सुटला. बेबीबाईनं नाक मनगटानं दाबलं.

"मानसाला न्हाई मारलं," ती प्रीतीला म्हणाली. धापा टाकत होती.

"बाटली चालेल," प्रीती म्हणाली.

बैठक आटोपली. पण ग्रोसरीत त्या आठवड्यात एकावर एक फुकट होतं. दुसरी बाटली प्रमिलाच्या गाडीत होती.

तेराच्या संध्याकाळी हर्षवर्धननं प्रीतीला डब्यातला आंब्याचा रस दिला, दाट, वेलची घातलेला. त्यात आत्यानं दिलेलं तेल होतं, आणि ते त्यानं बायकोला सांगितलं नाही. पोरगा वाईट नव्हता. औषधाच्या कळांची त्याला भीती वाटत होती; इंटरनेटवर वाचून वाचून त्याचं डोकं फिरलं होतं, आणि बापाचं मन मोडवत नव्हतं. पण वाईट नसलेल्या माणसांनी मूग गिळून केलेली कामं कधी कधी गुंडाच्या कामाइतकीच नडतात.

चौदाला सकाळी घरात निळे फेटे, इस्त्रीचे सूट, हॉलला जायची धांदल. प्रीती वॉशरूममध्ये जमिनीवर पडलेली सापडली. उलट्या, जुलाब, अंग थंडगार, आणि पोट दगडासारखं कडक. कळ संपतच नव्हती. ती ओरडत नव्हती, ओरडायला लागतो तो श्वासच तिला मिळत नव्हता. बेबीबाईनं तिला उचललं. साठीची बाई, पण पोटुशी सून तिनं एकटीनं उचलली, दार खांद्यानं ढकललं, आणि गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रीतीनं तिच्या दंडात नखं रुतवली ती हॉस्पिटल येईपर्यंत सोडली नाहीत. रक्त आलं.

पोटाला पट्टे लावले. मशीनमधून बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येऊ लागले, आधी भरभर, मग मंद, मग आणखी मंद. नर्सचा चेहरा बदलला. "काही घेतलंय का हिनं? गोळी, औषध, जडीबुटी, काहीही? आत्ता सांगा."

"नो," हर्षवर्धन म्हणाला. "नथिंग."

प्रीतीला पुन्हा उलटी झाली. बेबीबाईनं ती स्वतःच्या ओंजळीत झेलली, आणि वास आला. आंब्याच्या खाली, वेलचीच्या खाली तोच वास. चाळीस वर्षांपूर्वीच्या काळ्या चहाचा. आणि काल रस घेऊन गेला होता तो हर्षवर्धनच.

"खरं सांग त्यास्नी," ती मुलाला म्हणाली.

"आई, तू गप्प बस ना. यू डोन्ट नो एनीथिंग."

मशीनचा ठोका आणखी खाली गेला. बेबीबाईचा हात उठला. पहिल्या फटक्यात हर्षवर्धनचा चष्मा उडाला, दुसऱ्यात ओठ फाटला, तिसऱ्याला तो भिंतीवर आदळला, ट्रॉली उलटली, वाट्या-कात्र्या फरशीवर घरंगळल्या. "कॅस्टर ऑइल," ती मारता मारता नर्सला ओरडून सांगत होती. "ही गिव्ह. माय सन गिव्ह." चौथा हात दोन सिक्युरिटीवाल्यांनी वरच्यावर धरला. तिला ओढत बाहेर नेताना ती वळून बघत होती. प्रीतीचे डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि सगळं पाहिलंही होतं.

सांगून भागलं असतं. नर्सला दोन शब्दच हवे होते, ते मिळाले असते, आणि हात खाली राहिला असता. पार्किंग लॉटमध्ये वाऱ्यात उभी राहून बेबीबाईला हे कळलं, पण तिच्या अंगाची लाही लाही थांबत नव्हती. उजव्या हाताची बोटं मुलाच्या दातावर लागून सुजली होती. पोलीस आला. हर्षवर्धननं फाटक्या ओठानं सांगितलं की त्याची तक्रार नाही. तरी हॉस्पिटलनं तिला बाळंतिणींच्या मजल्यावर यायला मनाई केली. पेशंट स्वतः हो म्हणेल तेव्हाच.

आत त्यांनी आधी कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं, मग पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. तिला रडायला वेळ लागला, पण रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेलानंच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण आम्हाला कळलं ते बरं झालं. तारीख चौदाच होती. धोंडिबा हॉलमध्ये गेला नाही, आणि तारीख त्यानं कुणाला सांगितलीही नाही. फेटा मांडीवर घेऊन तो वेटिंग रूममध्ये बसून राहिला. प्रमिलानं त्याच दुपारी ब्रॉसार्डची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतीनं सासूला वर बोलावलं. बेबीबाई आली ती हात कोटाच्या खिशात घालून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं; हर्षवर्धनला प्रीतीनं घरी पाठवलं होतं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, आणि कुशीत गुंडाळलेलं ते एवढंसं. लाल होतं. बेबीबाईनं आधी रंग बघितला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून ही आहे," प्रीती म्हणाली. "हे मी हिला सांगेन."

बेबीबाई पलंगाच्या पायथ्याशीच उभी राहिली.

"आणि मारलंत, तेही सांगेन. हर्षवर्धनशी माझं काय ते मी बघीन. मी आणि ही मे महिन्यात लंडनला जातोय. मी म्हटलं होतं."

"म्हटलं व्हतंस," बेबीबाई म्हणाली. बाजू मांडावी, त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलीचं नाव आज तरी सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. सून दिलेल्या शब्दाला जागत होती, आणि बेबीबाईला राग यायला हवा होता, पण आला नाही.

प्रीतीनं गाठोडं पुढं केलं. बेबीबाईचे हात खिशातून बाहेर येईनात.

"याच हातानं मारलंय गं कालच," ती म्हणाली. "सुजलाय बघ."

"मला माहीत आहे," प्रीती म्हणाली. "मे महिना यायला वेळ आहे. तोवर धरा."

बेबीबाईनं हात बाहेर काढले आणि नातीला घेतलं.