रिकामी पाकिटं

माझ्या अंगणवाडीत एक नियम होता, आणि तो सरकारचा नव्हता, माझा होता. रिकामं पाकीट आणा आणि भरलेलं घेऊन जा. गरोदर बायांना आणि तान्ह्या लेकरांच्या आयांना घरी न्यायला शिऱ्याचं, उपम्याचं पीठ मिळतं, त्याबद्दल मी बोलतेय. अंबाजोगाईच्या ज्या वस्तीत मी बावीस वर्षं सेविका आहे, तिथं हे पीठ बायांपेक्षा शेळ्यांना जास्त मानवतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. कोपऱ्यावरच्या मावशींच्या तीन शेळ्या इतक्या तुकतुकीत, की वजनकाट्यावर त्यांनाच बसवावं. म्हणून मी नियम काढला. पाकीट रिकामं दिसलं तरी ते कुणी रिकामं केलं हे काही कळत नाही, पण निदान विचारलेलं बरं. चार शब्द सुनावल्याशिवाय हातातली वस्तू सोडायची नाही, हा माझा जन्माचा स्वभाव.

तीनेक वर्षांपूर्वी एक नेपाळी बाई नाव नोंदवायला आली. नवरा कॉलेजच्या रस्त्यावर चायनीजच्या गाड्यावर कामाला होता आणि ती मुलींच्या एका मेसमध्ये भांडी घासायची. पाचवा महिना चालू होता. कागद सगळे होते, तरी मी ते उलटेपालटे करून तीनदा पाहिले. वस्तीतल्या सुनांचे कागद मी एकदाही धड पाहत नाही, कारण त्यांच्या सासवा माझ्या ओळखीच्या. त्या दिवशी हे मला खटकलं नाही. नाव लिहिलं, वजन केलं, बेचाळीस किलो भरलं. दोन पाकिटं दिली आणि नियम सांगितला.

ती वळली तशा दारात बसलेल्या शेळीवाल्या मावशी म्हणाल्या, “बाई, ह्या भायेरच्या लोकाला कावून देता? आमच्या सुनाच्या वाट्याचं हाय ते.”

“तुमच्या सुनेचं तिला मिळतंच आहे की, मावशी.”

“मिळंना का. पर हे लोक हितं कमावत्यात, हितलं खात्यात, अन् पैसा समदा तिकडं धाडत्यात. आपल्या गावाला काय ऱ्हातंय?”

बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मावशी वाईट नाहीत. वस्तीत कुणाला कळा सुरू झाल्या, की पहिली धाव त्यांची. पण खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मलाही आतून पटत होतं, आणि मी गप्प बसले ती फक्त नोकरी म्हणून.

पुढचे दोन महिने त्या बाईनं एकही रिकामं पाकीट आणलं नाही. विचारलं की खाली मान घालून म्हणायची, “पुढच्या वेळी आणते, बाई.” मीही तोंडाचा पट्टा सोडून मग पाकीट द्यायची. मला काळजी मात्र वजनाची होती. सातवा लागला तरी काटा बेचाळीसवरून हलेना. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तर आत पांढरं फटक.

आणि मग मावशी बातमी घेऊन आल्या. “बाई, गाठुडं शिवतीय ती. नेपाळला चाललंय आपलं पीठ!”

मी चप्पल घातली आणि तडक तिची खोली गाठली. दार उघडंच होतं. जमिनीवर पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं, अर्धं शिवलेलं, आणि तिच्या हातात दाभण. आत लहान पोरीचा लाल फ्रॉक, लोकरीची टोपी आणि त्याखाली माझी पाकिटं. पाचव्या महिन्यापासूनची सगळी, एकही फोडलेलं नव्हतं.

“हे काय आहे?”

“पोरगी हाय बाई, तिकडे. तीन वर्षांची. सासूजवळ.” नवऱ्याच्या ओळखीचा एक आचारी सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्याबरोबर ती हे पाठवणार होती.

“आणि तू काय खातेस?”

“मेसमध्ये उरतं ते.”

“वजन पाहिलंस का स्वतःचं? पोटातल्याचं काय होईल?”

हातातल्या दाभणानं तिनं कापडाला एक टाका घातला. मग म्हणाली, “खायला बसते तर ती दिसते. खाली उतरत नाही, बाई.”

यावर मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, “हे इथल्या लेकरांसाठी आहे, तिकडच्या नाही. असंच चालणार असेल तर नाव काढून टाकीन.” आणि गाठोड्यातून एकेक पाकीट ओढून पिशवीत भरलं. तिनं मला अडवलं नाही. मी निघाले तेव्हा ती फ्रॉकची घडी नीट करत होती. वाटेत मावशी भेटल्या. “लई बरं केलं,” म्हणाल्या, आणि मलाही बरंच वाटलं.

घरी आई ताटात हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. आई माझ्याकडेच असते. मी पिशवी ठेवली आणि गड जिंकून आल्यासारखी सगळी हकिकत सांगितली. आई डाळीतले खडे काढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “मंग तू कशावर वाढलीस गं?”

मला कळेना.

माझे आईवडील दसरा झाला की ऊस तोडायला लांब कारखान्याकडं जायचे आणि मी धर्मापुरीजवळच्या आमच्या गावात आजीपाशी राहायची. आमच्या भागातल्या निम्म्या लेकरांचं बालपण असंच गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिकडून कुणी गावी आलं, की फडक्यात बांधलेली सुकडी यायची, पिवळसर, भाजल्या पिठाची, गुळाच्या चवीची. मी ती मूठमूठ खायची. ती कारखान्यावर विकत मिळत असणार, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

“इकत?” आई म्हणाली. “तुझा भाऊ पोटात व्हता तवा. आमच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या खोपटांवर, तिथली अंगणवाडीची बाई यायची. गरवार बायांना सुकडी द्यायची. मी खात नव्हते, बांधून ठिवायचे. तू हितं, घास गिळंना मला.”

“तिला कळलं नाही?”

“कळलं की. माझे हातपाय सुजले तवा तिनं इचारलं, मी खरं सांगितलं. तिथल्या बाया आदीच तिच्यामागं लागल्यात्या, ही बीडकडची मानसं येत्यात अन् आपल्या लेकरांचं खात्यात म्हून. मला वाटलं, आता बंद करती. तर दुसऱ्या दिशी तिनं मला म्होरं बसवलं. म्हनली, पोटातल्याचं हितं खा, गावाकडच्याचं बांधून घिऊन जा. रोज तसंच. शेवटपतुर.”

मी पिशवीकडं पाहिलं. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कारखान्यावरच्या त्या बाईनं माझ्यासारखं केलं असतं, तर मी नसतेच कदाचित, किंवा माझा भाऊ नसता. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी मी त्या खोलीवर गेले. ती मेसला निघतच होती. पाकिटं तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, “माझं चुकलं.” सेविका असं म्हणते हे तिला नवीन असावं, कारण ती घाबरलीच. “ही पाठव,” मी म्हणाले, “पण रोज दुपारी माझ्याकडं यायचं. पोटातल्याचं माझ्यासमोर खायचं.”

त्या दिवसापासून आई माझ्या डब्यात एक भाकरी जास्त टाकू लागली. त्या बाईला भाताची सवय, ज्वारीची भाकरी चावता चावता तिचे जबडे दुखायचे आणि मी समोर काठी घेतल्यासारखी बसायची. शेवटी आईनं कूट घातलेलं पातळ कालवण द्यायला सुरुवात केली, त्यात चुरून ती खायला लागली. हळूहळू ती जेवताना मुलीबद्दल बोलू लागली. आठव्या महिन्यात काटा हलला. मी तो आकडा वहीत लिहिला आणि उगाचच दोनदा गिरवला.

वस्तीत कुजबुज झालीच. मावशी एकदा मोठ्यानं म्हणाल्या, “सरकारचे जावई झाले बगा हे!”

“मावशी, सरकारचे जावई तुमच्या गोठ्यात बांधलेत. तीन,” मी म्हणाले.

बाया फिदीफिदी हसल्या. मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्या महिन्यात त्यांच्या सुनेला पहिल्यांदा शिरा खायला मिळाला. पुढं नेपाळी बाईला भरदुपारी कळा सुरू झाल्या, तेव्हा रिक्षा बोलावून तिला सरकारी दवाखान्यात नेणाऱ्याही मावशीच. मुलगी झाली, पावणेतीन किलोची.

ती मुलगी दीड महिन्याची असताना तिला घेऊन ती अंगणवाडीत आली. आचारी गावाहून परतला होता. मावशी सुनेबरोबर तिथंच बसल्या होत्या. बाईनं पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. मी सोडलं. आत रिकामी पाकिटं होती. कात्रीनं सरळ कापलेली, आतून धुतलेली, वाळवून एकावर एक घडी घातलेली. त्यांना चुलीच्या धुराचा वास येत होता.

“सासूनं पाठवली,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं, बाई रिकामी मागतात.”

मावशींनी त्यातलं एक घेतलं, उलटून पाहिलं, आत बोट फिरवलं. पिठाचा कणही नव्हता. त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं आणि बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

ती पाकिटं मी घरी नेली आणि आईपुढं ठेवली. तिनं एक नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“आपुन कारखान्यावरच्या त्या बाईला काईच धाडलं न्हाई गं,” ती म्हणाली. “फडकंसुदिक न्हाई.”

त्या बाईचं नाव आईला आठवत नाही. गावही धड सांगता येत नाही. ती आता असेल की नाही, कोण जाणे. पण ती सुकडी पोचली होती, आणि मी ती सगळी खाल्ली होती, एवढं तिला कळायला हवं होतं.