मोजणीमॅडम लिस्बनला जातात

‘आधी उत्तर दाखव.’

नकाशा कुठलाही असो, समोर आला की मोजणीमॅडमचं पहिलं वाक्य हेच. मग त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, नकाशा टेबलावर पसरायच्या आणि खऱ्या उत्तरेला लागेपर्यंत तो फिरवत राहायच्या. आमच्या ऑफिसचं टेबल नेमकं तिरकं लावलेलं आहे. त्यामुळे नकाशा सरळ झाला की मॅडम तिरक्या व्हायच्या, आणि समोर बसलेली मीही मान वाकडी करून ऐकायची.

मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. विमानाची तिकिटं, व्हिसाचे कागद, हॉटेलांची बुकिंगं. तुम्ही कधी अशा ऑफिसात तासभर बसलात तर लक्षात येईल, परदेशी निघालेल्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. तिकडे वरणभात मिळतो का, लोणच्याची बरणी विमानात चालते का, थंडी किती असते. नकाशा कुठला घेऊ, असं विचारणारं गिऱ्हाईक मला नऊ वर्षांत एकच भेटलं.

त्यांचं पूर्ण नाव तिकिटावर मीच टाईप केलं होतं. पण जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि अख्ख्या जिल्ह्यात त्यांना मोजणीमॅडम म्हणत. मलाही तेच नाव जवळचं वाटतं. साडी, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, डोक्यावर गवती हॅट, अशा वेशात त्या शेतं मोजत हिंडल्या. लग्न केलं नाही. ‘वेळच मिळाला नाही,’ म्हणायच्या. ‘दुसऱ्यांच्या हद्दी ठरवता ठरवता रिटायर झाले.’

एकदा विंचूरकडे दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. थोरला भाऊ पुढे आला. ‘मॅडम, तुम्ही बायामाणूस, उन्हात कशाला फिरता? सावलीत बसा, च्या घ्या. माणसं मोजतील.’

‘चहा मोजणी झाल्यावर,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि प्यायचा तर दोघांच्याही घरी.’

कांद्याच्या वाफ्यांतून त्यांनी दिवसभर साखळी ओढली. बांध धाकट्याच्या रानात चार हात सरकलेला निघाला. थोरला म्हणाला, ‘आता ह्यो कसा काय सरकला, मला तर काय म्हाईत नाय.’ मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘बांधाला पाय नसतात, दादा.’ मग ठरल्याप्रमाणे त्यांनी दोन्ही घरी चहा घेतला. धाकट्याच्या घरचा जरा जास्तच गोड होता, हेही त्या सांगायच्या.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्या आमच्या ऑफिसात आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, मुलगा नोकरीसाठी लिस्बनला होता. त्याच्याकडे दोघी बहिणी पंधरा दिवस राहणार होत्या. तिकिटं झाली, कागद झाले. मी नेहमीप्रमाणे पाकिटात शहराचा एक गुळगुळीत रंगीत नकाशा घातला. पर्यटकांना फुकट वाटतात तसला. मॅडमनी तो उघडला, पट्टी मागितली आणि पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

‘हा किल्ला बघ. चित्र एवढं मोठं काढलंय की दोन गल्ल्या खाऊन बसलाय. प्रमाण दिलेलं नाही. बोटाएवढं अंतर चालायचं म्हणजे पाच मिनिटं की पाऊण तास, कसं कळणार? अगं, याला नकाशा नाही म्हणत. ही लग्नपत्रिका आहे.’

मी म्हटलं, ‘मॅडम, पण आता फोन आहे ना. तोच रस्ता सांगतो.’

‘फोन वळ म्हणतो. का वळायचं ते सांगत नाही. आणि फोन माझ्याकडे आहे. अक्काकडे नाही, तिला तो वापरायचाही नाही. तिचं काय?’

तिथून मॅडमची शोधमोहीम सुरू झाली. त्यांनी पुस्तकांच्या दुकानातून आणि ऑनलाइन मिळून लिस्बनचे तीन नकाशे मागवले. आले की त्या थेट आमच्याकडे आणायच्या, कारण घरच्या टेबलावर म्हणे पसरायला जागा नव्हती. खरं कारण मला नंतर कळलं. त्यांना बोलायला कोणीतरी हवं होतं आणि मला ऐकायला आवडत होतं.

पहिली परीक्षा घडीची. प्रत्येक नकाशा त्या वीस वेळा उघडायच्या, वीस वेळा मिटायच्या. एकाची घडी बाराव्या वेळेलाच चिरली. ‘चौकात वाऱ्यात उभं राहून उघडायचा असतो तो. देव्हाऱ्यात ठेवायचा नसतो.’ दुसरी परीक्षा पाण्याची. माझ्या बाटलीतलं पाणी त्यांनी नकाशावर शिंपडलं आणि माझ्याच ओढणीला पुसलं. तिसरी सूचीची. मी शेवटच्या पानावरून एखादी गल्ली वाचायची आणि मॅडमनी ती चौकटीत शोधायची. पोर्तुगीज नावं मी अशी काही वाचायची की आमचे साहेब आतल्या केबिनमधून हसायचे.

पण खरी परीक्षा पायऱ्यांची होती. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं शहर आहे आणि अक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले. चढाचा रस्ता आणि पायऱ्यांची वाट यांतला फरक ज्याला दाखवता येत नाही, तो नकाशा मॅडमच्या लेखी बाद. पण न पाहिलेल्या शहराचा नकाशा खरा की खोटा, हे नाशकात बसून कसं ओळखायचं?

मॅडमनी माझ्यासमोरच भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. ‘तुझ्या घरामागच्या गल्लीत पायऱ्या आहेत का रे? किती?’

‘आहेत मावशी. किती ते कुणी मोजलंय?’

‘मग मोज ना.’

तो भला माणूस जेवणाच्या सुट्टीत गल्लीत जाऊन पायऱ्या मोजू लागला. दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली, तिसऱ्या दिवशी तिसरी. पहिल्यांदा वैतागला, मग त्याला गोडी लागली. ‘मावशी, इथे मध्ये एक बाकडं पण आहे, आईला बसता येईल,’ असं आपणहून सांगायला लागला. एका नकाशात त्या जागी सरळ रस्ता छापलेला होता. दुसऱ्यात काहीच नव्हतं. तिसऱ्यात मात्र बारीक आडव्या रेघा होत्या, जिथे जिथे पायऱ्या तिथे तिथे. मॅडमनी त्यावर पट्टी आपटली. ‘हा चालेल. हा माणूस स्वतः चाललाय तिथे.’

म्हणजे नकाशा काढणारा.

नकाशा लावून बघायचा कसा, हेही त्यांनी मला शिकवलं. एका दुपारी मला ओढत द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली नेलं, नाशिकचा नकाशा एका उभ्या रिक्षाच्या टपावर पसरला आणि म्हणाल्या, ‘दाखव, आपण कुठे आहोत.’ बसचे हॉर्न, भाजीचे टेम्पो, मध्येच पोलिसाची शिट्टी. मी नकाशा नुसता गोल गोल फिरवत राहिले. रिक्षावाला बाहेर आला. ‘मॅडम, जायचं कुठे? मी सोडतो ना.’

‘कुठेच जायचं नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘आम्ही इथेच आहोत का, तेवढं बघतोय.’

रिक्षावाला आमच्याकडे बघत राहिला. मग त्यानेही नकाशात डोकं घातलं आणि आपलं घर शोधायला लागला.

अक्कांना मी निघायच्या आठवडाभर आधी पाहिलं. ठेंगण्या, लठ्ठ, मोठ्याने हसणाऱ्या. शहराच्या कडेला त्यांचा फुलांचा मळा होता. मॅडमनी टेबलावर नकाशा पसरला आणि अक्कांना त्यातली नदी दाखवायला लागल्या. अक्कांनी हात झटकला. ‘मला काय कळतंय त्यातलं! मी हिचा पदर धरून चालणार. लय हुशार हाय ही, लहानपणापासून.’ आणि मला एक झेंडूचं फूल देऊन त्या पाणी प्यायला गेल्या.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘चौथीत शाळा सोडली तिने. आम्हा दोघींना पाठवणं जमत नव्हतं. फुलं तोडायला ही गेली, शाळेत मी गेले. आयुष्यभर लोकांना विचारत राहिली. ही बस कुठली, ही रांग कशाची, इथे सही करू का. लोक उत्तरं देतात गं. पण कधी कधी कसं देतात, ते मी बघितलंय. एकदा तरी कुणालाही न विचारता तिला कुठेतरी पोचलेलं मला बघायचंय.’

मग कळलं, त्या तिसऱ्या नकाशात कडेला पांढरी जागा भरपूर होती, हेसुद्धा त्यांनी हेरून ठेवलं होतं. त्या जागेत आणि रस्त्यांच्या मधोमध त्यांनी बारीक पेनाने मराठीत लिहिलं. मोठी, सुटी अक्षरं, चौथीतल्या वाचणाऱ्याला लागतील अशी. ‘आपलं घर.’ ‘इथे बाकडं.’ ‘पायऱ्या, नको.’ ‘ट्राम इथे थांबते.’ नदीवर लिहिलं, ‘नदी, खाली.’

पुढचं मला दोघींनी परत आल्यावर सांगितलं, टेबलावर पेढे ठेवून, एकमेकींचं वाक्य तोडत.

चौथ्या दिवशी भाचा कामावर गेला आणि दोघी फिरायला निघाल्या. ट्रामच्या पहिल्या थांब्यावर गाडी उभी होती. मॅडमनी अक्कांना आत बसवलं, पर्स आणि नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. आणि खिडकीतून त्यांना थांब्याची पाटी दिसली. पाटीवरचं नाव आणि नकाशातलं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. झालं. मॅडम ‘एक मिनिट’ म्हणून खाली उतरल्या, पाटी नीट वाचायला. मागे वळल्या तोवर ट्राम निघाली होती.

‘मी धावले,’ मॅडम म्हणाल्या. ‘साठ वर्षांची बाई, साडी नेसून, चढावर.’

‘मला दिसली ना ती,’ अक्का म्हणाल्या. ‘मी हात केला. मला वाटलं, हिला चालायचंय.’

मॅडमनी भाच्याला फोन लावला. तो कामावरून निघाला. दुसरी ट्राम येईना. मॅडम प्रत्येक थांब्यावर पळत जायच्या, अक्का नसायच्या. ‘खोटं कशाला सांगू, रस्त्याच्या कडेला बसून रडले मी,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्या जमिनी मोजल्या, पण त्या तासाभरात मी कुठे उभी आहे तेच मला कळेना. नकाशा तिच्याकडे होता.’

आणि अक्का? अक्का तीन थांबे तशाच गेल्या. मग शेजारच्या बाईला विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की विचारणार कुठल्या भाषेत. तेव्हा त्यांनी मांडीवरचा नकाशा उघडला. समोरच्या उतारावर नदी दिसत होती. नकाशात ‘नदी, खाली’ होतं. त्या उतरल्या, नदीकडे पाठ केली आणि मळ्यात पाण्याचा पाट कुठून कुठे जातो ते बघतात तसा तो कागद बघितला. ‘एक एक अक्षर लावून वाचलं. ‘पायऱ्या, नको’ आलं की तिकडं गेले नाय. बाकडं आलं की बसले. एका ठिकाणी पाव लय छान दिसला, तो घेतला.’

भाचा आणि मॅडम घामाघूम होऊन, पोलिसांत जायचं की नाही यावर वाद घालत घरी पोचले, तर दारातल्या पायरीवर अक्का पाव खात बसलेल्या. दोघांना बघून म्हणाल्या, ‘कुठं राहिलात? मी केव्हाची वाट बघतीय. नकाशा घ्यावा ना माणसाने बरोबर!’

ऑफिसात आम्ही सगळे हसलो, साहेबही. मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. ‘रस्त्यात कुणाला विचारलंस का, असं मी तिला विचारलं,’ त्या म्हणाल्या. ‘नाही म्हणाली. नंतरचे सगळे दिवस नकाशा तिच्याच हातात होता. मी मागून चालायची. दोनदा चुकवलं तिने, मी बोलले नाही.’

‘दोनदा नाय, एकदाच,’ अक्का म्हणाल्या. ‘दुसऱ्यांदा मला ते दुकान बघायचं होतं.’

त्यानंतर मॅडम महिन्यातून एकदोनदा येतच राहिल्या. कोणी दुबईला निघालं, कोणी हनोईला, की त्यांच्यासाठी त्या टेबलाशी बसून नकाशाची घडी तपासून द्यायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, त्या इथेच नोकरीला आहेत. हनिमूनला निघालेल्या एका नवऱ्याने तर त्यांच्याकडे माझी तक्रार केली होती.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आजारपण आठवडाभराचंच. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अक्का आल्या. जिना चढून दमल्या होत्या, पाणी पीत जरा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, ‘लेकाकडं जायचंय. एकच तिकीट काढ.’

मी विचारलं, ‘अक्का, एकट्या? विमानतळावर मदतीला माणूस सांगून ठेवू?’

‘गुडघ्यासाठी ती चाकाची खुर्ची सांग. माणूस कशाला?’ मग पुढे झुकल्या. ‘आणि हे बघ पोरी, खिडकी दे. मागच्या वेळी जाता-येता खिडकी तिनेच घेतली. शेतं कशी दिसतात बघायचं म्हणे. ढगांत कुठली शेतं! मी आपली मधल्या जागेवर.’

मी डाव्या बाजूची खिडकी टाकली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून जागा दाखवली. अक्कांनी शेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं.

‘इथं कोण हाय?’

‘अजून कोणी नाही, अक्का.’

त्यांनी बोट उचललं.

‘येईल कोणतरी,’ त्या म्हणाल्या. ‘तेवढंच बोलायला मिळेल.’